‘क्लेम जास्त झाले’ एवढ्यावर नकार का?

इगतपुरीच्या गाडीला वर्षात दोन-तीन क्लेम लागले, तर गाडी चालवणारा बेफिकीर आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. या गावावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. कसारा घाटात ढग थेट रस्त्यावर उतरतात आणि पुढच्या ट्रकचे मागचे दिवे अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गावरचे खड्डे पाण्याने भरले की त्यांची खोली कळत नाही. गाडी आदळून चेंबर फुटतो, बंपर निखळतो, डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खडीने समोरची काच तडकते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून मुंबईला निघालेल्या माणसाची गाडी जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट चुकवून जाऊ लागली. पण गोंद्याच्या कारखान्यात कामाला जाणारा, घोटीच्या बाजाराला येणारा, किंवा कसारा स्टेशनवर सीट भरून नाशिक गाठणारा टॅक्सीवाला अजून जुन्याच रस्त्यावर आहे. या माणसाच्या गाडीचा विमा संपत येतो, तो रिन्यू करायला जातो आणि त्याला सांगितले जाते की क्लेम जास्त झाले आहेत, कंपनी गाडी घेत नाही. हा नकार कितपत योग्य, कायद्यात त्याला जागा किती आणि त्याऐवजी काय असायला हवे, हा या आढाव्याचा विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. क्लेम वाढले म्हणून हप्ता वाढवणे न्याय्य आहे. क्लेम मोजून दार लावून घेणे न्याय्य नाही, आणि ज्या विम्याचे दर कंपनीच्या स्वतःच्या हातात आहेत तिथे तर मुळीच नाही.

नकार म्हणजे नेमके काय होते ते आधी पाहायला हवे, कारण तो ‘नकार’ या नावाने क्वचितच येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की ऑनलाइन नूतनीकरण उपलब्ध नाही, शाखेशी संपर्क साधा, असा संदेश दिसतो. शाखेत फोन केला की एजंटला विचारा म्हणतात. एजंट दोन दिवसांनी कळवतो की सिस्टीम घेत नाहीये. कधी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी जोड, काढून टाकलेले कोटेशन येते. कधी गाडीची पाहणी करावी लागेल असे सांगितले जाते आणि पाहणीला माणूसच येत नाही, तोवर पॉलिसीची तारीख उलटते. कागदावर कुठेही ‘नाकारले’ असे नसते, त्यामुळे कारणही नसते आणि तक्रार कशाविरुद्ध करायची हेही कळत नाही. या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. नकार लेखी असता तर त्यातल्या निम्म्या गोष्टी कंपनीला करताच आल्या नसत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या विम्याचे दोन भाग. आपल्याकडे लोक ‘फर्स्ट पार्टी’ आणि ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार ती सक्तीची आहे. विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४००० रुपये. फर्स्ट पार्टीत मुख्य भाग असतो तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, आणि तो घेण्याची कायद्याने सक्ती नाही. हे दोन भाग आता व्यवहारातही वेगळे झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी एकदम घ्यावी लागते, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीचा विमा सुटा विकायला परवानगी मिळाली. त्यामुळे आज क्लेममुळे जो नकार मिळतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या भागाला असतो. चौकीवर दाखवायला थर्ड पार्टीचा कागद असतो, पण घाटात गाडी कठड्याला घासली तर खर्च मालकाच्या खिशातून.

थर्ड पार्टी विम्याचा इतिहास इथे फार बोलका आहे, आणि तो ट्रकवाल्यांचा इतिहास आहे. थर्ड पार्टीचे दर कंपन्या ठरवत नाहीत. आधी ते दरपत्रकात बांधलेले होते, मग विमा नियामक ठरवू लागला, आता केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी कारला २०९४ रुपये, पंधराशे सीसीपर्यंत ३४१६ आणि त्यापुढे ७८९७. अपघातातल्या मृत्यूची भरपाई मात्र न्यायाधिकरण ठरवते आणि तिला वरची मर्यादा नाही. मालवाहू ट्रकच्या बाबतीत दर आणि भरपाई यांतली तफावत इतकी वाढली की कंपन्या ट्रकचा विमा उतरवायला तयारच होईनात. कायदा म्हणतो विमा घ्या, आणि विमा विकणारा म्हणतो देत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी ही कोंडी जीवघेणी होती. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००७ पासून व्यावसायिक वाहनांच्या थर्ड पार्टीचा सगळ्या कंपन्यांचा मिळून एक सामाईक निधी, म्हणजे ‘पूल’, करण्यात आला. तो तोट्यात बुडाला. मार्च २०११ मध्ये नियामकाने या पूलसाठी हप्त्याच्या किमान १५३ टक्के इतकी तरतूद करण्याचा आदेश दिला, म्हणजे शंभर रुपये हप्ता घेतला तर दीडशेहून अधिक रुपये देण्याची तयारी ठेवा असे सांगितले. २०१२ मध्ये तो पूल मोडून नाकारलेल्या वाहनांपुरता वेगळा पूल आला, आणि २०१६ मध्ये तोही बंद झाला. दरम्यान २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम ३२ड आले, ज्यानुसार प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला थर्ड पार्टी विम्याचा ठरावीक किमान वाटा उचलावाच लागतो.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कंपनी नकार देते कारण तिला जोखमीच्या मानाने दर लावता येत नाही. ट्रकच्या बाबतीत तिची ही तक्रार खरी होती. दर सरकारने बांधलेला, भरपाई न्यायाधिकरणाच्या हाती, मग तोट्याचा धंदा का करायचा? तरीसुद्धा समाजाने ठरवले की रस्त्यावर विमा सक्तीचा असेल तर नकाराला जागा नाही, आणि तो तोटा वाटून घेतला. आता स्वतःच्या नुकसानीच्या विम्याकडे पाहा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे आहेत. कुठल्या गाडीला किती सूट द्यायची, कुठल्या गाडीला किती जादा आकारायचे, हे कंपनी स्वतः ठरवते. म्हणजे जिथे दर हातात नाही तिथे कंपनीला नाकारता येत नाही, आणि जिथे दर पूर्णपणे हातात आहे तिथे ती क्लेमची संख्या दाखवून नाकारते. नकाराचे जे एकमेव सबळ कारण असू शकते, ते या दुसऱ्या ठिकाणी मुळात नाहीच.

दर बांधलेले होते त्या काळात याबाबत उलट अधिक शिस्त होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात वारंवार क्लेम करणाऱ्या गाडीसाठी एक शिडीच आखलेली होती. एखाद्या गाडीचा क्लेमचा अनुभव वाईट असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर शंभर टक्के जादा आकार लावता येई, पुढेही तो तसाच राहिला तर मागच्या हप्त्यावर आणखी शंभर टक्के, आणि त्यापुढे वाढ नाही. गाडीमालकाला आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळत होते. हप्ता दुप्पट, मग चौपट झाला की शहाणा माणूस आपोआप छोटे क्लेम थांबवतो, ड्रायव्हर बदलतो किंवा गाडी सावकाश चालवतो. दर मोकळे झाले तेव्हा ही शिडी निघून गेली आणि तिच्या जागी प्रत्येक कंपनीचे स्वतःचे, बाहेरच्याला न दिसणारे नियम आले. स्पर्धेमुळे चांगल्या गाड्यांना साठ-सत्तर टक्के सूट मिळू लागली, ही ग्राहकाची कमाईच आहे. पण त्याच स्पर्धेने वाईट गाडीला महाग विकण्याऐवजी न विकणे सोपे केले.

न विकणे सोपे का, याचे उत्तर कंपनीच्या बाजूने समजून घेतले पाहिजे. आठ-दहा हजारांच्या पॉलिसीवर कोणी अधिकारी तासभर बसून मागचे तीन क्लेम कशाचे होते, चूक कोणाची होती, किती पैसे गेले, हे पाहणार नाही. पाहायचे ठरवले तर त्याच्या वेळेचीच किंमत नफ्याहून जास्त होईल. म्हणून संगणकाला सांगून ठेवायचे की अमुक इतके क्लेम झाले की कोटेशन देऊ नका. धंद्याच्या हिशेबाने हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्यावर ते बेतते त्याच्या बाजूने पाहिले तर तो कधी तपासलाच गेलेला नसतो. त्याच्याबद्दल निर्णय होतो, त्याला पाहून नव्हे.

आणि केवळ संख्या मोजण्यात जे निसटते ते किरकोळ नाही. समजा, घोटीजवळ टोलच्या रांगेत उभ्या असलेल्या कारला मागून टेंपोने ठोकले. चूक शंभर टक्के टेंपोची. न्यायाने भरपाई टेंपोच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळायला हवी, पण त्यासाठी पोलिसांत नोंद, मग नाशिकला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, वकील, तारखा. डिकीचे झाकण आणि बंपर यांच्या पंधरा-वीस हजारांसाठी कोणी ते करत नाही. मालक स्वतःच्या विम्यात क्लेम टाकतो आणि गाडी गॅरेजमधून सोडवतो. कंपनीच्या नोंदीत तो त्याचा क्लेम होतो, चूक कोणाची याचा रकानाच नसतो. समोरच्या काचेचेही तसेच. उडालेल्या दगडाला चालक काय करणार? आणि पावसाळ्यात भावली धरणाच्या रस्त्यावर झाड कोसळून टप चेपला, तर त्यातून त्याच्या चालवण्याबद्दल काय कळते? उलट एखादा खरोखर बेदरकार माणूस तीन वर्षांत एकच अपघात करतो, पण त्यात गाडी पूर्ण निकामी होते आणि कंपनीचे सहा लाख जातात. संख्येच्या फुटपट्टीवर तो एक आणि काचा-बंपरवाला तीन. पैशांच्या हिशेबातही हे उलटे, आणि जोखमीच्या हिशेबातही.

जागेचा विचार तर याहून कमी होतो. जुन्या दरपत्रकात खासगी कारसाठी देशाचे दोनच विभाग होते. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, आणि ‘ब’ विभागात उरलेला सगळा देश. इगतपुरी ‘ब’ मध्ये, जैसलमेरही ‘ब’ मध्ये. शहरात गर्दी म्हणून जोखीम जास्त, हे गृहीत होते. घाट, धुके, मुसळधार पाऊस यांना त्यात स्थान नव्हते. दर मोकळे झाल्यावर कंपन्यांना पिनकोडनिहाय दर लावणे शक्य झाले आहे, आणि इगतपुरीच्या गाडीकडून त्यांनी थोडा जास्त हप्ता घेतला तर त्यात मला काही वावगे वाटत नाही. जागेची जोखीम जागेच्या दरात आली पाहिजे. पण दर सपाट ठेवायचा, मग जागेमुळे आलेले क्लेम माणसाच्या नावावर लिहायचे आणि चौथ्या वर्षी त्याला बाहेर काढायचे, यात जोखमीचे मोजमाप कुठेच होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतरांच्या पैशांचा. विमा हा सगळ्यांनी भरलेल्या हप्त्यांतून काहींचे नुकसान भरून काढण्याचा व्यवहार आहे, मग जो दर वर्षी उचलतो त्याचा भार इतरांनी का वाहायचा? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर विम्यात आधीच बसवलेले आहे, आणि ते ‘नो क्लेम बोनस’मध्ये आहे. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम झाला की सगळे शून्य. समजा एका कारचा स्वतःच्या नुकसानीचा पूर्ण हप्ता १०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्के सूट घेऊन ५,००० भरतो. त्याने बंपरचा एक छोटा क्लेम केला. सोयीसाठी पूर्ण हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर पुढच्या वर्षी त्याला ५,००० जास्त भरावे लागतील, त्यापुढच्या वर्षी ३,०००, मग २,५००, १,५०० आणि ५००. सहाव्या वर्षी तो पूर्वीच्या जागी येतो. एकूण १२,५०० रुपये. आता मिळाले काय ते पाहा. बंपर प्लॅस्टिकचा, त्यामुळे झिरो डेप नसेल तर किमतीच्या निम्मी घसारा म्हणून वजा. रंगाच्या मालावर पुन्हा निम्मी वजावट. त्यातून दर क्लेममागे सक्तीचा स्वतःचा वाटा, पंधराशे सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. सहा हजारांच्या बिलातले हाती येतात अडीच-तीन हजार. म्हणजे हा माणूस इतरांच्या पैशांवर जगत नाहीये. त्याने घेतले त्याच्या चौपट तो पुढच्या पाच वर्षांत परत करतो. त्यावर कंपनीने आणखी जादा आकार लावला तर तो दुसरा दंड, आणि नूतनीकरण नाकारले तर तिसरा.

हा हिशेब गाडीमालकांनीही मनावर घ्यायला हवा. शोरूममध्ये सर्व्हिसिंगला गाडी गेली की तिथला माणूस ओरखडे दाखवून म्हणतो, क्लेममध्ये करून टाकू. मालकाला वाटते फुकट रंग मिळाला. खरे तर तो पुढच्या पाच वर्षांच्या हप्त्यातून त्या रंगाचे हप्ते फेडणार असतो, आणि नोंदीत एक क्लेम वाढतो तो वेगळाच. झिरो डेप पॉलिसीने ही सवय वाढवली, म्हणून अनेक कंपन्यांनी त्यात वर्षाला दोनच क्लेम अशी अट घातली. मला ती अट योग्य वाटते, कारण ती आधी सांगितलेली आहे आणि विकत घेणाऱ्याला ती माहीत असते. छोट्या नुकसानीसाठी स्वतःहून जास्त वाटा उचलण्याची सोय दरपत्रकापासून आहे. अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार किंवा पंधरा हजारांपर्यंतचा वाटा मालकाने पत्करला की हप्त्यात सूट मिळते. क्लेम जास्त झालेल्या माणसाला नकार देण्याऐवजी कंपनीने म्हणावे, पंधरा हजारांपर्यंतचे तुमचे तुम्ही बघा, त्यावरचे आम्ही पाहू. काचा-बंपरचा प्रश्न तिथेच मिटतो आणि घाटातल्या मोठ्या अपघातासाठी माणूस उघडा पडत नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा आहे. जुने ठोके नव्या अपघातात घालणे, गॅरेजने बिल फुगवणे, चालक वेगळा असताना परवानाधारकाचे नाव देणे, हे प्रकार होतात आणि त्यांचा भार प्रामाणिक माणसाच्या हप्त्यावर पडतो. ज्याची फसवणूक सिद्ध झाली त्याला कंपनीने खुशाल नाकारावे, त्याच्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही. पण सर्व्हेअरने गाडी पाहिली, अहवाल दिला, कंपनीने तो मान्य केला, पैसे दिले, आणि वर्षअखेरीस तेच क्लेम संशयाचे कारण म्हणून पुढे केले, हे कसे चालेल? क्लेम खोटा असेल तर तो तेव्हाच फेटाळायला हवा होता. मंजूर केलेला क्लेम हा खरा क्लेम आहे, निदान मंजूर करणाऱ्याने तरी तो तसा मानला पाहिजे.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. विमा हा करार आहे. दर वर्षीची पॉलिसी म्हणजे नवा करार, आणि करार करायचा की नाही हे दोन्ही पक्षांच्या मर्जीवर. ग्राहक जसा कंपनी बदलू शकतो तशी कंपनी ग्राहक सोडू शकते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बिमन कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात या मर्जीला मर्यादा घातली. तिथे प्रश्न मेडिक्लेमचा होता. पूर्वीच्या क्लेमवरून ग्राहक न्यायालयात गेला होता, आणि पुढे कंपनीने नूतनीकरण नाकारले. न्यायालयाने हा नकार मनमानी ठरवला. सरकारी मालकीच्या कंपनीला करारातही न्याय्य वागण्याचे बंधन आहे, आणि ग्राहकाने आपला हक्क मागितला हे नूतनीकरण नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. २००८ मध्ये मनुभाई गजेरा प्रकरणात न्यायालयाने पुन्हा हा विषय हाताळला आणि नूतनीकरण हा नवा करार असला तरी सरकारी कंपन्यांना मनमानी करता येणार नाही, हे कायम ठेवले. या निकालांची मर्यादा उघड आहे. त्यांचा आधार राज्यसंस्थेच्या वागण्यावरच्या घटनात्मक बंधनांचा आहे, आणि खासगी कंपनी राज्यसंस्था नव्हे. १९७२ च्या राष्ट्रीयीकरणानंतर जवळजवळ तीन दशके सगळा सर्वसाधारण विमा सरकारी होता. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, आणि आज कारच्या विम्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आहे. म्हणजे न्यायालयाने दिलेले संरक्षण बाजाराच्या एका भागाला लागू आणि दुसऱ्याला नाही.

आरोग्य विम्यात ही फट नियामकाने बुजवली. २०१६ च्या आरोग्य विमा नियमांत स्पष्ट म्हटले होते की मागच्या वर्षांत क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येणार नाही, आणि एकट्या माणसाच्या क्लेमवरून त्याचा हप्ता वाढवताही येणार नाही. आजारपण माणसाच्या हातात नसते आणि म्हातारपणी नवी पॉलिसी सहज मिळत नाही, म्हणून ते संरक्षण इतके कडक आहे. गाडीची गोष्ट वेगळी हे मला मान्य आहे. चालवणे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते, म्हणून हप्ता वाढवण्याची मोकळीक इथे राहिली पाहिजे. मात्र नियमातला पहिला भाग गाडीला तसाच लागू करण्यात अडचण कोणती, हे मला विमा व्यवसायाच्या कुठल्याच युक्तिवादात सापडलेले नाही.

दुसरी कंपनी शोधा, बाजारात पुष्कळ आहेत, असा एक सोपा सल्ला दिला जातो. तो काही वेळा खरा ठरतोही. पण नव्या कंपनीच्या प्रस्तावात मागचे क्लेम विचारले जातात, आणि ते लपवले तर पुढचा क्लेम त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो. हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्यूरोकडे सगळ्या कंपन्यांची माहिती गोळा होते, त्यामुळे एकीने मोजलेले क्लेम दुसरीलाही दिसतात. माणूस चार ठिकाणी विचारत असताना जुनी पॉलिसी संपली तर गाडीची पाहणी झाल्याशिवाय नवी मिळत नाही, आणि खंड नव्वद दिवसांपलीकडे गेला तर उरलासुरला नो क्लेम बोनसही जातो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर कर्जाच्या करारात पूर्ण विम्याची अट असते. कसारा-नाशिक टॅक्सी चालवणाऱ्याची गाडी बहुधा कर्जावरच असते. त्याला एकट्या थर्ड पार्टीवर भागवा सांगणे म्हणजे एका अपघातात गाडी आणि धंदा दोन्ही गमावून हप्ते मात्र चालू ठेवायला सांगणे आहे. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांना मुळातच विमा नाही, हे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवले आहे. जो स्वतःहून विमा मागायला येतो त्याला हुसकावण्याची चैन या देशाला परवडणारी नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये १९५८ पासून एक दर-मंडळ आहे. सक्तीचा वाहन विमा एखाद्या कंपनीने नाकारला तर माणूस त्या मंडळाकडे जातो, मंडळ हप्ता ठरवते आणि त्या हप्त्यावर कंपनीला विमा द्यावाच लागतो. तिथल्या बोनस-मालुस पद्धतीत स्वतःच्या चुकीने झालेल्या प्रत्येक अपघातामागे हप्ता २५ टक्के वाढतो, निर्धोक वर्षामागे पाच टक्के घटतो, आणि हा गुणक ०.५० ते ३.५० यांच्यामध्येच राहतो. ‘स्वतःच्या चुकीने’ या अटीवरच ती सगळी पद्धत उभी आहे. हे मंडळ स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला लागू नाही, हेही सांगायला हवे. कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये सार्वमताने मंजूर केलेला प्रस्ताव १०३ याहून पुढे गेला. पॉलिसी साठ दिवस चालली की हप्ता न भरणे, फसवणूक किंवा जोखमीत भरीव वाढ एवढ्याच कारणांनी तिचे नूतनीकरण नाकारता येते. पण तिथे दरवाढीलाही आधी परवानगी लागते, आणि अलीकडे खर्च वाढले तेव्हा कंपन्यांनी नवा धंदा घेणे आवरते घेतले. हा इशारा आपण विसरता कामा नये, आणि आपल्या ट्रकच्या पूलचा धडाही तोच आहे. नकारावर बंदी आणि दरावरही बंदी, असे दोन्ही एकदम चालत नाही. आपल्याकडे स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे आहेत, ते मोकळेच ठेवावेत, आणि त्याच कारणाने नकारावर बंधन घालावे.

चालवणे मोजायची साधनेही आता हाताशी आहेत. जुलै २०२२ मध्ये नियामकाने किती चालवता आणि कसे चालवता यावर हप्ता ठरवणाऱ्या पॉलिसींना परवानगी दिली. त्याआधी २०२१ मध्ये त्याच्याच कार्यगटाने वाहतूक नियमभंगाची जोड हप्त्याला द्यावी असे सुचवले होते. वेग, अचानक ब्रेक, रात्रीचे फेरे हे गाडीत बसवलेल्या उपकरणाने कळत असेल, तर घाटात तीस वर्षे सांभाळून चालवणारा आणि समृद्धीवर दीडशेच्या वेगाने जाणारा यांना क्लेमच्या संख्येवरून ओळखण्याचा अट्टहास कशाला?

तोपर्यंत ज्याला नकार मिळाला त्याने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे तोंडी उत्तर न घेणे. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाची मागणी ई-मेलने करावी, क्लेमचा तपशील आणि नकाराचे कारण लेखी मागावे, आणि जास्तीचा स्वतःचा वाटा पत्करायची तयारी त्यातच लिहून द्यावी. उत्तर आले नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार-संकेतस्थळावर. हप्ता घेऊनही पॉलिसी दिली नाही, तर नाशिक जिल्ह्याचे काम पुण्याच्या विमा लोकपालांकडे येते, आणि सेवेतल्या त्रुटीसाठी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. थर्ड पार्टी मात्र एक दिवसही तुटू देऊ नये. ती तुटली आणि अपघातात कोणाचा जीव गेला, तर भरपाई घर विकून द्यावी लागते.

या सगळ्या धडपडीचा भार एकेकट्या गाडीमालकावर टाकून चालणार नाही. ११ जून २०२४ च्या परिपत्रकाने नियामकाने ठरवून टाकले आहे की चालू पॉलिसी कंपनीला फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणाने, आणि किमान सात दिवसांची नोटीस देऊनच रद्द करता येईल. त्यापूर्वी कंपन्यांना यापेक्षा पुष्कळ मोकळीक होती, आणि ती काढून घेतल्याने कोणाचा धंदा बुडाला नाही. पॉलिसीच्या मुदतीत जे संरक्षण मिळाले ते मुदत संपायच्या रात्री बारा वाजता नाहीसे होते, एवढीच फट उरली आहे. नूतनीकरण नाकारायचे तर कारण लेखी द्यावे, ते पुरेसे आधी द्यावे, आणि नाकारण्यापूर्वी वाढीव हप्त्याचा किंवा वाढीव वाट्याचा एक तरी पर्याय समोर ठेवावा. दुसऱ्याच्या चुकीने झालेले आणि काचेचे क्लेम या मोजणीत धरू नयेत. एवढ्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, नियामकाच्या आजच्या अधिकारात निघणारे एक परिपत्रक पुरे आहे.